सायबोर्डची दुरुस्ती : अंबाजोगाईच्या ओसरीवरच्या नोंदी

8 मार्च 2025, शनिवार

आजोबांचा सायबोर्ड आज माजघरातून ओसरीवर आणला. चार माणसं लागली, तरी उंबऱ्यावर एक पाय घासलाच. लातूरहून दर शनिवार-रविवारी यायचं आणि मृगाच्या आत काम उरकायचं, असं ठरवून बसले आहे. पाऊस लागला की पॉलिश धड बसत नाही, एवढं या कामातलं मला आधीपासून माहीत आहे.

घरात त्याला सायबोर्डच म्हणतात. साइडबोर्ड नावाची वस्तू, म्हणजे जेवणघरात ठेवायचं खणांचं लांब, बसकं कपाट, जगात असते हे मला नववीत कळलं. तोवर मी त्याला साईबाबांचा बोर्ड समजत होते, कारण आजीनं आरशापुढे साईबाबांची तसबीर ठेवली होती. आजोबांच्या मते तो ‘साहेबाचा’ बोर्ड. अंबाजोगाई म्हणजे निजामाच्या काळातलं मोमिनाबाद, आणि मोमिनाबादला हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली असलेल्या फौजेच्या, घोडदळाची छावणी होती. तिथला कुणी इंग्रज साहेब जाताना सामानाचा लिलाव करून गेला आणि त्यांच्या वडिलांनी, म्हणजे वकीलसाहेबांनी, हा उचलला. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की त्या साहेबाच्या मिश्यासुद्धा मला दिसतात.

मापं : लांबी 5 फूट 2 इंच, खोली 19 इंच, आरसा सोडून उंची 3 फूट 2 इंच. वर एका रांगेत तीन खण. खाली दोन बाजूंना दारांची कपाटं, मधे मोकळी जागा. डाव्या कपाटात आणखी एक खोल, ओढून काढायचा खण, त्याला आतून पत्र्याचं अस्तर. मागे उभी फळी आणि तिच्यात कडा तासलेला आरसा.

दुखणी : मागचा डावा पाय वाळवीनं खाल्लेला. पितळी मुठी सहापैकी तीन, बाकी तीन जागी स्टीलच्या. वरच्या फळीवर कपांची पांढरी वर्तुळं, तव्याचं एक काळं वर्तुळ आणि एक विचित्र काळा डाग. आणि मुख्य म्हणजे खण. मधला नीट चालतो. डावा उघडायला एका माणसानं सायबोर्ड धरून ठेवावा लागतो. उजवा एकदा उघडला की बंद होत नाही. मला आठवतं तसं हे असंच आहे. मेणबत्ती घासून झाली, साबण झाला, खोबरेल झालं. काकांनी तर एकदा चिडून एका खणाच्या बाजूला रंधाही मारला होता.

9 मार्च

पॉलिश कोणतं आहे ते पाहिलं. मागच्या कोपऱ्यात, जिथं कुणाला दिसणार नाही तिथं, कापसाच्या बोळ्यानं स्पिरिटचा थेंब टेकवला. मिनिटभरात चिकट झालं, बोळ्यावर विटकरी रंग आला. म्हणजे चपडी, लाखेचं पॉलिश. लॅकर असतं तर नुसत्या स्पिरिटला बधलं नसतं.

ही आनंदाची बातमी आहे. चपडीचं पॉलिश पूर्ण खरवडून काढावं लागत नाही, स्पिरिटनं जुना थर मऊ होतो आणि नवा थर त्यातच मिसळतो. लातूरच्या एका फर्निचरवाल्यानं फोटो पाहून सांगितलं होतं, ‘मशिननं घासून कोरा करू मॅडम, वरून पीयू मारू, एकदम नवा दिसेल.’ पीयू म्हणजे पॉलीयुरेथेनचं पॉलिश. नवाच पाहिजे असता तर नवा घेतला नसता का? जुन्या लाकडाचा जो मधासारखा रंग असतो तो वरच्या पातळ थरात असतो. मशिन तोच थर आधी उडवतं.

16 मार्च, रविवार

आज पाठ उघडली आणि साहेबाच्या गोष्टीला पहिला तडा गेला.

मागच्या बाजूला फळ्या नाहीत, प्लायवुड आहे, तेही चहाच्या पेटाऱ्यांचं. आतल्या अंगाला छापाच्या काळ्या अक्षरांचे अर्धे तुकडे दिसतात. ठोकलेले खिळे तारेचे, गोल डोक्याचे. कंटिंजंट 1903 मध्ये भारतीय लष्करात मिसळून टाकली गेली, त्यानंतर त्या फौजेचं वेगळं अस्तित्वच राहिलं नाही. चहाच्या पेटाऱ्यांचं प्लायवुड बाजारात सहज मिळू लागलं ते त्याच्या बरंच नंतर. पाठ मागाहून बदलली असेल म्हणावं, तर खिळ्यांची दुसरी भोकं कुठेच नाहीत. चौकटीला एकच ओळ, एकाच वेळची.

अंगाचं लाकूड सगळं साग. आमचे सुतारमामा नखानं खरवडून, वास घेऊन म्हणाले, ‘किनवटचा दिसायलाय.’ किनवट तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे निजामाच्याच राज्यात होतं. खणांच्या कोपऱ्यांचे डव्हटेल जोड, म्हणजे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे एकमेकांत अडकणारे दाते, हातानं कापलेले आहेत : दातांची रुंदी कमी-जास्त, आणि कापण्याआधी सुईनं ओढलेली रेघ अजून दिसते. दोन खण एकमेकांशी जुळत नाहीत, दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे आहेत. यंत्राचं काम असतं तर हा फरक नसता.

म्हणजे हा विलायती साइडबोर्ड नाही. विलायती पाहून इथल्याच कुणा मिस्त्रीनं घडवलेला आहे. मला तर हा जास्त आवडला. आजोबांना सांगायचं कसं, हा प्रश्न आहे.

30 मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर आजोबांना खुर्ची टाकून ओसरीवर बसवलं. तिन्ही खण उपडे केले, कारण प्रत्येकाच्या बुडाला पेन्सिलीचं काहीतरी लिहिलेलं मला दिसलं होतं आणि ते उर्दू होतं. आजोबांचा जन्म 1933 चा, शाळा निजामाची. उर्दू त्यांना अजून मराठीइतकी सरळ वाचता येते, फक्त भिंग लागतं.

‘हा एक. हा दोन. हा तीन.’ हे खणांचे नंबर. मधल्या खणावर, दोनच्या खाली, आणखी एक आकडा : 1346.

मी लगेच फोनवर हिजरी सनाचा हिशेब केला. 1346 म्हणजे 1927-28. मोठ्यानं सांगितलंही. आजोबा हसले. ‘पुढं फे आहे ना, दिसंना का तुला? फे म्हणजे फसली. सरकारी कागद सगळे फसलीवर चालायचे. त्यात पाचशे नव्वद मिळव.’

मिळवले. 1936. फसली साल ऑक्टोबरात बदलायचं, म्हणजे 1936 चा ऑक्टोबर ते 1937 चा ऑक्टोबर, त्या दरम्यान कधीतरी हे खण बसले. आजोबा तेव्हा तीन-चार वर्षांचे.

मग मी साहेबाचं विचारलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘बैलगाडीतून उतरवलेला आठवतो मला. गाडीत भुसा होता, आम्ही पोरं त्यात खेळलो.’ लिलावात घेतलेल्या जुन्या सामानासोबत ताजा भुसा कशाला येईल, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. पण साहेबाला एकदम रजा द्यायची नव्हती त्यांना. ‘साहेबाकडचा बघून केला असंल,’ म्हणाले. किंमत मात्र पक्की आठवते, वकीलसाहेब कायम सांगायचे म्हणे : सत्तर रुपये. मी विचारलं, हाली की कलदार, म्हणजे निजामाचे रुपये की इंग्रजांचे? ‘हाली. कलदार कुठून आणणार?’ सात हाली म्हणजे सहा कलदार हा तेव्हाचा भाव, तेव्हा ब्रिटिश रुपयांत साठ.

मला वाटतं साहेबाची गोष्ट नावातूनच जन्मली. साइडबोर्डचा सायबोर्ड, सायबोर्डचा साहेब. आजीनं त्याचा साई केला.

6 एप्रिल

रामनवमी. काम थोडंच. जोड उघडून जुना सरस, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा डिंक, काढला. कोमट पाण्याची पट्टी दहा मिनिटं ठेवली की सरस जेलीसारखा होऊन निघतो, मूळ जोडाला धक्का लागत नाही. जिथं काकांनी फेविकॉल भरला होता तिथं मात्र पटाशीनं कण-कण खरवडावं लागलं, त्यात अख्खी दुपार गेली. जुन्या सरसावर फेविकॉल धरत नाही, तो नुसता वर बसतो आणि सहा महिन्यांत सुटतो. मग माणूस आणखी फेविकॉल भरतो.

20 एप्रिल

ऊन फार. ओसरीवरसुद्धा दुपारी बसवत नाही.

आज तो पत्र्याच्या अस्तराचा खोल खण. या खणाचं मूळ समजायला थोडं मागे जावं लागतं. साइडबोर्ड ही चीज इंग्लंडात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आकाराला आली. रॉबर्ट ॲडमसारखे वास्तुकार जेवणघरात एक लांब टेबल आणि त्याच्या दोन अंगांना दोन सुट्या उभ्या पेट्या मांडायचे. एका पेटीत ताटल्या गरम ठेवायची सोय, दुसरीत बाटल्या. पुढे हेपलव्हाइट या इंग्रज फर्निचरकाराच्या 1788 च्या नमुन्यांत खणांचा एकसंध साइडबोर्ड येतो आणि त्यातला खोल खण दारूच्या बाटल्यांचा असतो. असे खण पुष्कळदा आतून शिशाच्या पत्र्यानं मढवलेले असत. आरशाची उंच पाठ नंतरची, व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. बायका जेवून उठल्या की पुरुषमंडळी दारू पीत बसायची, त्यांच्यासाठी याच साइडबोर्डात लघवीचं भांडंही ठेवलेलं असे. आमची आजी सोवळ्यात स्वयंपाक करायची. हे तिला कळलं असतं तर सायबोर्ड त्याच दिवशी अंगणात गेला असता.

आमच्या मिस्त्रीनं तो बाटल्यांचा खण इमानेइतबारे केला. शिसं नाही, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, कडा आत मुडपून बारीक खिळ्यांनी ठोकलेल्या. आणि आमच्या घरात, जिथं लोक पाटावर बसून माजघरात जेवायचे, तिथं या खणात काय राहिलं? लोणच्याच्या बरण्या. पत्र्यावर बरण्यांच्या बुडांची पाच वर्तुळं आहेत. मीठ आणि आंबटपणानं जस्त खाल्लं गेलंय, वर्तुळांच्या कडेनं पांढरी भुकटी धरली आहे, एका जागी आरपार भोक आहे आणि खालचा साग काळा पडलाय. नाक आत घातलं की अजून हिंग-मोहरीचा वास येतो. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली.

पत्रा बदलायचा नाही असं ठरवलं. भुकटी कोरड्या ब्रशनं काढली, भोकाच्या जागी खालून एक तुकडा सरकवला.

1 मे, गुरुवार

सुट्टी, म्हणून पूर्ण दिवस मिळाला.

वाळवीचा पाय. वाळवीनं गाभ्याचं लाकूड सोडून बाहेरचं पांढरं लाकूड तेवढं खाल्लं होतं. सागाचं तसंच असतं : गाभ्याला तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला जात नाही, पण मिस्त्रीनं लाकूड वाचवायला पायात थोडं पांढरं राहू दिलं होतं. सत्तर रुपयांत तो तरी काय करणार! सुतारमामांनी कुजलेला भाग तिरका कापून काढला. जोडाला नवीन साग आणायला ते निघाले होते. मी थांबवलं आणि मागच्या पडक्या खोलीच्या चौकटीचा तुकडा दाखवला. शंभरेक वर्षं वाळलेलं लाकूड, ते आता नव्या लाकडासारखं आखडणार नाही. मामा म्हणाले, ‘हे आधी का सांगितलं नाही, मी कामून बाजारात जायलतो?’

तिरका जोड, सरस, रात्रभर शिकंजा. वाळवीचं औषध पायांच्या बुडांना आतून ब्रशनं.

4 मे

पॉलिशवाले चाचा आले. यांच्याशिवाय हे काम होणार नव्हतं. चपडीचं पॉलिश हातानं लावणारे गावात आता तेच एक उरलेत.

आले, चहा घेतला, सायबोर्डभोवती एक फेरी मारली. खण मी बाजूला उपडे ठेवले होते. चाचा वाकून वाचायला लागले. मग सायबोर्डकडे पाहिलं, परत खणांकडे.

‘बेटा, हे उलटे लागलेत की.’

मी म्हटलं, नाही, एक डावीकडे, दोन मधे, तीन उजवीकडे.

‘तेच म्हणतोय. उर्दूवाला मिस्त्री एक कुठून मोजेल? उजवीकडून.’

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग ‘एक’ उचलला, उजव्या खाचेत लावला आणि ढकलला. शेवटच्या वितीवर आतली हवा फुस्स करून बाहेर पडली आणि खण बोटभर जोरानं, आवाज न करता आत गेला. बाहेर ओढला, परत ढकलला. परत फुस्स. आतून आजोबा विचारायला लागले की काय झालं.

कारण आता उघड आहे. उर्दूतला एक ही नुसती उभी रेघ. ज्याला बाकी काहीच वाचता येत नाही त्यालाही ती कळते. कधीतरी खण बाहेर काढले गेले, आणि मराठी शिकलेल्या कुणीतरी एक नंबरचा खण शहाणपणानं डावीकडून पहिला लावला. आजोबांच्या मते 1972 च्या दुष्काळानंतर घराला चुना दिला तेव्हा. म्हणजे पन्नास वर्षं आम्ही त्या दोन खणांना साबण लावत होतो.

‘तीन’ डावीकडे लावला. तो गेला, पण ढिला, खुळखुळतो. काकांनी रंधा मारला होता तो याला. चुकीच्या जागी बसावा म्हणून बरोबर खण तासला.

11 मे

वरच्या फळीवरचे डाग. कपांची पांढरी वर्तुळं म्हणजे पॉलिशमध्ये अडकलेला ओलावा, ती स्पिरिटच्या जेमतेम ओल्या बोळ्यानं दोन हातांत गेली. काळे डाग वेगळे. सागातल्या टॅनिनला ओलं लोखंड लागलं की काळं पडतं, आणि ते लाकडात उतरतं. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड. हातमोजे घालून तव्याच्या वर्तुळाला लावलं. दोन वेळा लावून, धुऊन फिकं झालं.

तो विचित्र डाग नीट पाहिला तर अडकित्त्याचा निघाला. दोन दांड्या, बिजागरीचा गोळा, पात्याचा बाक, सगळं स्पष्ट. ब्रश उचलला तेवढ्यात आजोबा दारातून म्हणाले, ‘ओला अडकित्ता ठेवून तुझ्या आजीनं लाकूड नासवलं, म्हणून वर्षभर बोललो मी तिला. आता कामून पुसायलीस?’

ब्रश ठेवला.

18 मे

पॉलिशचा पहिला हात. 1 लिटर स्पिरिटला 250 ग्रॅम चपडी, रात्रभर भिजवून, मलमलीतून गाळून. चपडी म्हणजे लाखेच्या किड्यानं पळसा-बोरीच्या फांद्यांवर केलेलं कवच. आपल्याकडे पळसाला तोटा नाही, पण लाख येते झारखंडकडून.

चाचा ब्रश वापरत नाहीत. कापसाचा बोळा मलमलीत बांधून पोटली करतात, पॉलिश कापसात मुरवतात आणि पोटलीच्या बुडावर जवसाच्या तेलाचा एक थेंब देतात, म्हणजे ती घसरते. आधी गोल, मग इंग्रजी आठसारखे फेरे, मग सरळ लाकडाच्या रेषेनं. पोटली लाकडावर थांबवायची नाही. थांबली तर तिथंच चिकटते आणि खालचा थर उचलून येतो. मला दाराच्या आतली बाजू दिली होती. मी थांबले. कारण माशी बसली. चाचा काही बोलले नाहीत, स्पिरिट घेतलं आणि तेवढा भाग पुन्हा केला.

तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकायच्या नाहीत, दोरीवर पसरून वाळवायच्या. जवसाचं तेल वाळताना तापतं, गोळा करून ठेवलेली चिंधी आपोआप पेटू शकते.

25 मे

मृगाची वाट बघत होते, आणि मेमध्येच पाऊस. काल मान्सून केरळात पोचला म्हणे, पण इथं गेले कित्येक दिवस रोज संध्याकाळी कोसळतोय. ओसरीची फरशी ओली, हवा ओली. आणि वरच्या फळीवर दुधासारखी साय धरली आहे.

चाचांना फोन केला. पहिला प्रश्न : ‘स्पिरिट कुठून आणलं?’ मागच्या आठवड्यात आमचं संपलं, मी एका हार्डवेअरच्या दुकानातून सुटं आणलं होतं. बशीत काढून पेटवून बघायला सांगितलं. जळून विझलं तेव्हा बशीत चमचाभर पाणी शिल्लक. पाऊस वरून आणि पाणी स्पिरिटमधून, दोन्हीकडून कारभार. दुकानदाराशी भांडायला गेले नाही, सीलबंद डबा आणला.

काम बंद. सायबोर्डावर जुनी सुती चादर. प्लास्टिक टाकायचं नाही, ओलावा आत कोंडतो.

8 जून

मृग लागला आणि गंमत म्हणजे उघडीप पडली. चार दिवस कोरडं ऊन. चाचांनी नव्या स्पिरिटची जवळजवळ कोरडी पोटली सायीवरून हलकी फिरवली. साय बघता बघता विरली. मग दोन पातळ हात. अडकित्ता पॉलिशखाली आणखी काळा दिसतो.

पितळी मुठी चिंचेच्या कोळानं आजोबांच्या मदतनीस मावशींनी घासून चकचकीत केल्या, मला न विचारता. सोन्याच्या दिसतात. होईल हळूहळू पुन्हा काळपट. स्टीलच्या तीन मुठी काढून जुन्या बाजारातून जवळच्या घाटाच्या तीन पितळी मिळाल्या, तिन्ही वेगवेगळ्या.

आरशावरचे काळे ठिपके तसेच ठेवले. काचवाला नवीन बसवून देतो म्हणत होता.

22 जून

‘तीन’च्या दोन्ही बाजूंना सागाची दीड-दीड मिलिमीटरची पट्टी सरसानं चिकटवली. हवा दमट आहे, आता घट्ट बसवला तर लाकूड फुगल्यावर अडकेल आणि पुन्हा कुणीतरी रंधा घेईल. म्हणून मुद्दाम किंचित ढिला ठेवला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा पाहायचं.

पाठीचं चहाच्या पेटाऱ्याचं प्लायवुड जुन्याच भोकांत ठोकलं. खणांच्या बुडांवर उर्दू आकड्यांशेजारी मी पेन्सिलीनं लिहिलं : उजवा, मधला, डावा.

सायबोर्ड माजघरात गेला. आजोबांनी उजवा खण दोनदा उघडून लावला. फुस्स झालं तसं तिसऱ्यांदा लावला. मग आपली भिंगाची डबी त्यात ठेवली आणि मावशींना विचारलं, यंदा लोणचं घातलं की नाही.

राहिलेलं : उजव्या कपाटाच्या कुलपाची किल्ली.